सवीर्यता आणि शुद्धता : शार्ङ्गधरोक्त कालमर्यादेचा पुनर्विचार

वनौषधींच्या टिकाऊपणाची चर्चा करताना शार्ङ्गधरसंहितेचा आधार घेण्याचा प्रघात आहे. चूर्ण २ महिन्यांनंतर व गुटिका-अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात. आसव-अरिष्टे मात्र जुनी होतील तितकी गुणकारी, असे हा ग्रंथ सांगतो. याउलट, औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१-ब चूर्णास २ वर्षांची मुदत देतो. ही तफावत आधुनिक वेष्टनाने भरून निघते, हा युक्तिवाद अपुरा वाटतो.

ग्रंथकाराचा विषय वीर्य हा आहे, जंतुसंसर्ग नव्हे. आसवात संधानाने निर्माण होणारा मद्यार्क सूक्ष्मजीवांस रोखतो. चूर्णास असे संरक्षण नाही. पावसाळ्यात उघडलेल्या डबीतील चूर्ण ओलावा शोषते व त्यात बुरशी वाढू शकते. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने एकदा निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन पुढे चूर्ण वाळवूनही नष्ट होत नाही.

वेष्टनावरील दिनांक बंद डबीचा असतो; रुग्ण मात्र उघडलेली डबी वापरतो. म्हणून सवीर्यता व शुद्धता यांच्या मुदती स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि उघडल्यानंतरची मुदतही वेष्टनावर नमूद व्हावी, असे सुचवावेसे वाटते. केवळ ग्रंथप्रामाण्य वा केवळ नियमप्रामाण्य रुग्णाचे रक्षण करू शकत नाही.