निळ्या पानाचं परीक्षण

गेली तीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो आहे. त्यातली न वाचता लिहिलेली किती, हे मी सांगणार नाही. पण ज्याची ओळ न् ओळ तीन-तीनदा वाचून मी परीक्षणाला बसलो, असं वाङ्मय आयुष्यात हे पहिलंच. एकूण पान एक. मुखपृष्ठ निळं, मलपृष्ठ नाही. किंमत छापलेली नाही, पण वाचकाकडून ती वसूल होते.

हे पान माझ्या लॅपटॉपवर २०२४च्या जूनमध्ये प्रथम प्रसिद्ध झालं. प्रकाशन समारंभाला मी आणि आई असे दोघेच हजर होतो. आई तेव्हा सत्त्याऐंशीची. तिच्या आठवणी लिहून काढायच्या, असं मी दहा वर्षं नुसतं म्हणत होतो. शेवटी एकदा तिनेच विचारलं, "मी गेल्यावर लिहिणार आहेस का?" तेव्हा कुठे लॅपटॉप उघडला. तो जुना, गोगलगाईच्या चालीचा. म्हणून बाजारात जाऊन मेमरीची आठ जीबीची जादा पट्टी बसवून आणली. दुकानदार म्हणाला, "काका, आता पळेल बघा." त्याने शब्द पाळला. आठवड्यातून तीनदा लॅपटॉप हातातून पळू लागला.

त्या संध्याकाळी आई १९५६ सालात होती. लग्न होऊन विजयदुर्गाहून बोटीने मुंबईला निघाली होती. "नाना बंदरावर पोचवायला आले. मी पडावात बसले तशी त्यांनी हातात फणसपोळीचं पुडकं दिलं, आणि म्हणाले..."

नाना काय म्हणाले ते कळायच्या आत पडदा निळा झाला. वर एक रडवेला चेहरा : दोन टिंबं आणि एक कंस, कुशीवर पडलेला. त्याखालच्या मजकुराचा भावार्थ असा की, तुमच्या पीसीला काही अडचण आली आहे. आम्ही थोडी माहिती गोळा करतो आहोत, मग तो तुमच्यासाठी पुन्हा सुरू करू.

टीकाकार म्हणून माझा पहिला आक्षेप 'आम्ही'ला आहे. हे आम्ही कोण? सुतकाच्या घरी येऊन चहा पिणाऱ्या पाहुण्याची ही भाषा आहे. सांत्वन पोटभर, काय झालं, कुठे झालं, कुणामुळे झालं, याचा पत्ता नाही. शेजारी एक ठिपक्याठिपक्यांचा चौकोन. भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तसाच! मला वाटलं, आता याचेही पैसे द्यायचेत. आणि अगदी तळाशी, संपादकाच्या नजरचुकीने राहून गेल्यासारखी, बारीक अक्षरातली एकच ओळ : स्टॉप कोड, आणि पुढे 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. मर्ढेकर-ग्रेस यांच्यावर तासन् तास बोललेला माणूस मी. पण या ओळीपुढे हात टेकले.

दुर्बोध साहित्य समोर आलं की समीक्षकाने पूर्वपरंपरेत शिरावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मीही शिरलो. ज्ञानदेव एक की दोन, हा वाद आपल्याकडे गाजला. इथे तर लेखक तीन निघाले. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ही तीन बटणं एकदम दाबल्यावर जे निळं पान येई, त्याचा मजकूर स्टीव्ह बामर यांचा. ते पुढे कंपनीचे प्रमुख झाले. आधीचा मजकूर त्यांना पसंत पडला नाही, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मग तुम्हीच लिहून द्या. त्यांनी खरोखरच लिहून दिला! १९९३च्या विंडोज एनटीवरचं पान जॉन व्हर्ट यांचं. निळ्यावर पांढरं का, तर ते ज्या यंत्रावर काम करीत त्याचा सुरुवातीचा पडदा तसा होता आणि ज्या प्रोग्रॅममध्ये ते लिहीत तोही तसाच. निळ्या रंगाच्या प्रतीकात्मकतेवर मी दीड पान लिहून ठेवलं होतं, ते फाडलं. विंडोज ९५च्या पानावर शेवटचा हात फिरवला तो रेमंड चेन यांनी. या पानाचं सर्वांत गाजलेलं जाहीर वाचन २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोत झालं. विंडोज ९८चं प्रात्यक्षिक चालू होतं, शेजारी खुद्द बिल गेट्स उभे होते, आणि स्कॅनर जोडताच भरसभेत पडदा निळा झाला. म्हणूनच अजून हे बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं बोलून गेट्सनी वेळ निभावली.

माझ्या मते सर्वोत्तम आवृत्ती २००१च्या विंडोज एक्सपीची. वाचायला रुक्ष, एखाद्या सरकारी परिपत्रकासारखी. पण तिच्यात दोन वाक्यं होती. नवं काही बसवलं असेल तर ते नीट बसलंय का पाहा. तरीही अडचण राहिली तर नवं बसवलेलं काढून टाका. एवढी दोन वाक्यं माझ्या नशिबी आली असती, तर पुढचे दोन महिने वाचले असते. २०१२मध्ये विंडोज ८ आलं. पाल्हाळ गेलं, त्याबरोबर उपदेशही गेला, आणि त्या जागी रडवेला चेहरा आला. २०१६मध्ये तो चौकोन आला. शहाणपणाची जागा सहानुभूतीने घेतली की साहित्याचं जे होतं, तेच इथेही झालं.

दुसऱ्या वेळी आईने तीच आठवण पुन्हा सांगितली. या खेपेला नानांनी फणसपोळीऐवजी चांदीचा रुपया दिला. पडदा निळा. तळाशी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. तिसऱ्या वेळी रुपया आणि फणसपोळी दोन्ही. पडदा निळा. तळाशी 'मेमरी मॅनेजमेंट'. मी ही नावं कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिपत गेलो.

मग १९ जुलैचा शुक्रवार उजाडला आणि साऱ्या जगाचे पडदे निळे झाले. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सदोष भर पडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मोठ्यांच्या पंगतीत आपलंही पान! मी भाच्याला अभिमानाने फोन केला. तो म्हणाला, "अरे मामा, ते सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मशीनवर असतं. तुझा निळा पडदा घरगुती आहे."

रविवारी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. मी त्याला माझी समीक्षा ऐकवली. त्याने ती न ऐकता कॅलेंडर वाचलं.

"दर वेळी एकच नाव येत असतं ना मामा, तर मी ड्रायव्हरवर संशय घेतला असता."

"आपल्याकडे कुठे गाडी आहे?" आई म्हणाली.

"आजी, कॅमेरा, प्रिंटर, वाय-फाय, यांच्याशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. पण इथे दर खेपेला वेगळंच नाव येतंय. म्हणजे सगळ्यांना जी लागते, बहुतेक तिच्यातच घोळ आहे. मेमरी गेलीय."

"माझी?" आईने विचारलं.

भाच्याने मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. त्याचंही पान निळंच! पण अर्ध्या तासाने त्यावर स्वच्छ शब्दांत लिहून आलं की यंत्रसामग्रीत दोष सापडला आहे. बाजारातली नवी पट्टी त्याने काढून टेबलावर ठेवली. जुन्या एकट्या पट्टीवर पुन्हा तपासणी केली : दोष नाही. "आणि मामा, तो पडदा काही वैर म्हणून येत नाही. मेमरीत चुकीचं वाचलं जातंय असं आतल्या कारभाऱ्याला कळलं, की तो थांबतो. तसाच रेटत राहिला, तर चुकीचं तेच डिस्कवर लिहून ठेवेल, आणि मग चांगल्या फायलीही नासतील. त्यापेक्षा थांबलेलं बरं. आणि तू कंट्रोल एस दाबत जा."

चुकतंय असं कळल्यावर थांबणारा लेखक मी मराठीत फारसा पाहिलेला नाही. या एका गुणासाठी मी निळ्या पानाचे बाकीचे अपराध पोटात घातले.

त्या रात्री लॅपटॉप पुन्हा गोगलगाय झाला होता. आई चौथ्यांदा विजयदुर्गच्या बंदरावर गेली. पडावात बसली. आणि थांबली.

"नाना आलेच नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे? फणसपोळी?"

"ती काकूने दिली. रुपया कुणी दिला आठवत नाही. नाना घरीच राहिले. त्यांच्याने बघवणार नाही, असं आई म्हणाली. खरं काय ते त्यांनाच ठाऊक. मी बोटीवर चढेपर्यंत बंदराकडे बघत होते."

"मग आधी तसं का सांगितलंस?"

"तू लिहून घेत होतास ना! लिहायचं म्हटलं की माणूस बरं दिसेल तेच सांगतो. तीनदा पुसलं गेलं, तेव्हा वाटलं, जे झालं तेच सांगून टाकावं."

मी काही बोललो नाही. कंट्रोल एस दाबलं. खात्रीसाठी पुन्हा एकदा दाबलं.

२०२५मध्ये विंडोज ११वर या पानाची सुधारून वाढवलेली, म्हणजे खरं तर कमी केलेली, आवृत्ती निघाली. रंग काळा. रडवेला चेहरा गेला, चौकोन गेला. बिघाडाचं नाव आणि ज्याच्यात बिघाड झाला त्याचं नाव, एवढं मात्र राहिलं. या बदलाचं मी स्वागत करतो. हळहळ वाचकाची वाचक करून घेईल. काय झालं, ते लेखकाने सांगावं.

तात्पर्य, हे पान प्रत्येकाने संग्रही ठेवावं असं मी म्हणणार नाही. पण पुढ्यात आलंच, तर घाईने बटण दाबू नये. तळाच्या ओळीपर्यंत वाचावं आणि ती ओळ दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावी.