शिश्किनचं धुकं

इव्हान शिश्किनचं नाव ऐकलं नसलं तरी त्याची अस्वलं तुम्ही कुठेतरी पाहिलेली असू शकतात. पाइनच्या मोडून पडलेल्या झाडावर खेळणारी पिल्लं आणि शेजारी त्यांची आई. ‘पाइनच्या जंगलातली सकाळ’, १८८९. रशियात हे चित्र चॉकलेटच्या वेष्टनावरही पोचलंय. गंमत म्हणजे अस्वलं शिश्किनची नाहीतच; ती त्याचा मित्र कॉन्स्टन्टिन सावित्स्कीने काढली. चित्र विकत घेणाऱ्या पावेल त्रेत्याकोव्हने सावित्स्कीची सही मात्र पुसून टाकली. (सही पुसणं अन्यायाचंच. अस्वलं पुसली असती तर माझी हरकत नव्हती.)

कारण खरं चित्र त्यांच्या मागे आहे. तिथे दरीत धुकं साठलंय आणि ऊन वरवरच्या फांद्यांनाच लागलंय.

शिश्किन पानं मोजतो, रंगवत नाही, असं म्हणणारे पुष्कळ. ते अगदीच खोटं नाही. १८८७ च्या ‘ओकची राई’मध्ये भर उन्हात सालीची भेग न् भेग दिसते. बोटांनी मोठं करून बघत राहावं असं काम आहे. पण सगळंच इतकं स्पष्ट असलं की नजर खोडांपाशीच अडते, जंगलात शिरत नाही.

आता ‘ओकच्या जंगलातला पाऊस’ बघा. १८९१, दोन मीटर रुंद कॅनव्हास. चिखलाची वाट, डबकी, एका छत्रीखाली पाठमोरं जोडपं. पुढच्या ओकची साल गडद, ओली. मागचं झाड राखाडी. त्याच्या मागचं आणखी फिकट, कडा विरलेल्या. शेवटची तर झाडं आहेत की नुसतं धुकं, सांगता येत नाही. पानं मोजणारा माणूस इथे पान काढायचंच टाळतो. त्याला ते जमतं, कारण काय सोडतोय हे त्याला नेमकं माहीत आहे.

लांबचं झाड फिकं, निळसर करा, हे आज कुठलाही शिकवणीचा व्हिडिओ सांगतो. सूत्र बरोबरच आहे. पण नुसत्या सूत्राने काढलेलं जंगल नाटकाच्या पडद्यांसारखं दिसतं, एकामागे एक टांगलेलं. शिश्किनकडे ती वाट आहे. तिच्यावरच्या पाण्यात आभाळाचा उजेड उतरलाय, म्हणून ऊन नसूनही चित्र काळवंडत नाही. आणि माणसं लहान होत जातात तसं अंतर पायांना कळतं.

जोडप्याच्या बरंच पुढे आणखी एक जण एकटाच चाललाय. छोट्या स्क्रीनवर तो सहज निसटतो. शोधा.