मुष्टियुद्धातील संशयास्पद मृत्यू आणि रहस्यकथेचा आकृतिबंध

प्रस्तावना

मराठी समीक्षेने रहस्यकथेचा विचार प्रामुख्याने लोकप्रिय साहित्याचा एक प्रकार म्हणून केला. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक घरोघरी पोहोचले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांसारख्या संस्थांनी जोपासलेल्या आणि लोकलच्या प्रवासात पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. गुन्हेगार अज्ञात असणे आणि शेवटी त्याचा मुखवटा गळून पडणे, हा या प्रकाराचा मूळ आकृतिबंध होय. मुष्टियुद्धाच्या क्षेत्रातील संशयास्पद मृत्यू या आकृतिबंधाला कोणते आव्हान देतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दृश्य हल्लेखोर, अदृश्य अपराधी

ठाणे किंवा डोंबिवलीतील एखाद्या स्पर्धेत एक मुष्टियोद्धा ठोसा लागून कोसळतो आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू होतो, अशी कल्पना केल्यास रहस्यकथाकाराची पहिलीच अडचण स्पष्ट होते. ठोसा कोणी मारला हे प्रेक्षागृहातील प्रत्येकाने पाहिलेले असते. त्यामुळे ‘कोणी मारले?’ हा रहस्यकथेचा पायाभूत प्रश्नच निरर्थक ठरतो. तथापि रहस्य संपलेले नसते; ते फक्त जागा बदलते.

ही जागा कायद्याने नेमकी दाखविली आहे. अशा मृत्यूची प्रथम नोंद पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये या चौकशीची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २५ (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८७) अठरा वर्षांवरील व्यक्तीने दिलेल्या संमतीचा विचार करते. मृत्यू अथवा जबर दुखापत घडविण्याचा हेतू किंवा तशी शक्यता असल्याची जाणीव नसेल, तर संमतीने सोसलेली इजा हा अपराध होत नाही. या कलमाचे उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचे आहे आणि त्यात खेळ प्रामाणिकपणे खेळला जाणे गृहीत धरले आहे. खेळाडूची संमती नियमाने मारलेल्या ठोशाला असते, कपटाला नसते. म्हणून मुष्टियुद्धातील अन्वेषकाचा खरा प्रश्न असा की, संमतीचा भंग कोणी केला?

साहित्य व चित्रपटातील दोन प्रारूपे

क्रीडाक्षेत्रातील संशयास्पद मृत्यूचे अभिजात प्रारूप आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) या कथेत आढळते. शर्यतीचा नामांकित घोडा नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक डोक्याला मार लागून मृतावस्थेत सापडतो. शेरलॉक होम्स सिद्ध करतो ते असे की, प्रशिक्षकच पैशासाठी घोड्याला लंगडा करावयास निघाला होता आणि घोड्याच्या लाथेने तो मेला. येथे मृत व्यक्तीच कपटी आहे आणि मारणारा निरपराध आहे. ज्याच्यावर खेळाडूच्या रक्षणाची जबाबदारी तोच भक्षक, हे क्रीडाविषयक रहस्यकथेचे मर्म या कथेने दाखवून दिले.

‘द हार्डर दे फॉल’ या बड शुलबर्ग यांच्या कादंबरीवर (१९४७) त्याच नावाचा चित्रपट १९५६ मध्ये निघाला. त्यात टोरो या धिप्पाड परंतु सामान्य कुवतीच्या योद्ध्याला लुटुपुटूच्या लढतींद्वारे मोठे केले जाते. त्याच्याशी लढून गस हा प्रतिस्पर्धी मरण पावतो आणि आपण खुनी झालो, या जाणिवेने टोरो खचतो. वास्तविक गसच्या डोक्याला त्याआधीच्या लढतीतच गंभीर इजा झालेली असते. सत्याचा शोध घेणारा माणूस येथे गुप्तहेर नसून प्रसिद्धीप्रमुख आहे, आणि तो स्वतःही त्या कारस्थानाचा भागीदार आहे. अन्वेषकाला अपराधापासून पूर्णतः अलिप्त ठेवणारा रूढ संकेत ही कलाकृती मोडते. निष्कर्षाइतकीच शोधकाची नैतिक कुचंबणाही येथे महत्त्वाची ठरते.

वास्तवातील एक प्रकरण

कल्पित साहित्यापेक्षाही बोलके उदाहरण न्यूयॉर्क येथील आहे. १६ जून १९८३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुईस रेस्टोने तोपर्यंत अपराजित असलेल्या बिली कॉलिन्स याला जबर मारले. लढतीनंतर कॉलिन्सच्या वडिलांचा हात रेस्टोच्या ग्लोव्हजला लागला आणि त्यांतील भरण पातळ असल्याचे त्यांच्या लक्षात आले. ग्लोव्हज ताब्यात घेण्यात आले आणि त्यांतील भरण काढून टाकल्याचे उघड झाले. डोळ्याच्या इजेमुळे कॉलिन्सची कारकीर्द संपली. ६ मार्च १९८४ रोजी मोटार अपघातात त्याचा अंत झाला. १९८६ मध्ये रेस्टो व त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस हे दोघेही दोषी ठरले. हाताच्या पट्ट्याही प्लास्टरमध्ये भिजवून कडक केल्या होत्या, अशी कबुली रेस्टोने अनेक वर्षांनंतर दिली.

या प्रकरणात मृत्यू रिंगणात झाला नाही. परंतु आयुष्य उद्ध्वस्त करणारे कपट वडिलांच्या हाताच्या स्पर्शाने उघडकीस आले. पुरावा पिस्तुलात वा विषाच्या बाटलीत नव्हता. तो खेळाच्या साधनात होता. कबुली मिळाली, तरी तिने गुन्ह्याचा काही भागच उजेडात आणला.

मराठी रहस्यकथेच्या संदर्भात

अशा प्रकरणातील अन्वेषकाला वेषांतर करता येऊन भागत नाही. ग्लोव्हजचे वजन, हाताच्या पट्ट्या, खेळाडूची वैद्यकीय नोंदवही, मागील लढतीत डोक्याला मार बसला होता काय आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती मिळाली काय, हे त्याने तपासावयाचे असते. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी तात्काळ, तर कधी काही तासांनी किंवा दिवसांनी लक्षणे दाखवितो. म्हणून अखेरचा ठोसा हेच मृत्यूचे कारण असते, असे नाही. हा तपशील रहस्यकथेत येण्यासाठी लेखकाला व्यायामशाळा, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन यांचे ज्ञान हवे. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात क्रीडासंकुले, दिवसपाळी-रात्रपाळी सांभाळून सराव करणारे तरुण आणि रेल्वे वा पोलीस दलातील नोकरीची आशा हे सर्व एकत्र नांदते. त्यामुळे येथील एका पराभवाचीही किंमत एखाद्या घराला चुकवावी लागते. अशा भूमीवर हे कथानक कृत्रिम वाटणार नाही.

निष्कर्ष

मुष्टियुद्धातील संशयास्पद मृत्यू रहस्यकथेला ‘कोणी मारले’ या प्रश्नाकडून ‘कोणी विश्वासघात केला’ या प्रश्नाकडे वळवितो. हे वळण केवळ तांत्रिक नाही. त्यावर दोन व्यक्तींना मिळावयाचा न्याय अवलंबून असतो: एक मृत खेळाडू आणि दुसरा ज्याच्या हातून अखेरचा ठोसा बसला तो. खरा अपराधी सापडला नाही, तर दुसऱ्याचे ओझे वाहणारा माणूस आयुष्यभर खुनी म्हणवून घेतो. त्याला मुक्त करणे हे अन्वेषकाचे तितकेच मोठे कार्य होय, आणि मराठी रहस्यकथेने ते गंभीरपणे स्वीकारल्यास केवळ करमणुकीचे साहित्य, हा तिच्यावरील शिक्का पुसण्यास निश्चितच साहाय्य होईल.