पडद्यावरील ग्रंथ आणि दूरचा वाचक

पुस्तक हाती धरल्यावाचून वाचनाचा आनंद नाही, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही अनेक वर्षे मोठ्या अभिमानाने बसत आलो. ते आसन सोडावे लागले एका कोशामुळे.

यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात खंडशः निघाला. आमच्या शाळेत त्याचे सर्व खंड कधीच नव्हते. जे होते त्यांतील एकाची कसरीने चाळण केलेली. आज तोच कोश, आणि मोल्सवर्थचा १८५७ चा कोशही, शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात कोणासही विनामूल्य पाहता येतो. छापील कोश वर्णानुक्रमाचा दास. शब्द ठाऊक असेल तरच अर्थ सापडावयाचा. येथे अर्थाच्या ओळींतही शोध घेता येतो. बेळगावकडच्या शिक्षकास याचे मोल अधिक. ‘अडकित्ता’ या शब्दात कानडी ‘अडके’, म्हणजे सुपारी, दडली आहे हे वर्गात सांगितले, तेव्हा गल्लीत कानडी बोलणाऱ्या मुलांचे चेहरे उजळले. पुण्यामुंबईच्या वाचकास ग्रंथालय शेजारी आहे. सीमेवरच्या वाचकास हा पडदा हेच ग्रंथालय.

लहान प्रकाशकाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. पाचशे प्रती छापाव्यात, शंभर खपाव्यात आणि उरलेल्या माळ्यावर रचाव्यात, हा त्याचा जुना संसार. आता मागणीपुरत्या प्रती छापता येतात, आणि ई-पुस्तकास माळा लागत नाही. नवख्या कवीसही यामुळे दार उघडे झाले. (सर्वच कवींना ते उघडावे काय, हा प्रश्न आम्ही येथे टाळतो.)

तथापि खरा प्रश्न पाठाचा आहे, आणि त्याकडे आमच्या समीक्षकांचे लक्ष नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. म्हणून २०११ च्या आरंभापासून त्यांची पुस्तके कोणीही काढू शकतो. कोणीही काढू शकतो याचा अर्थ कशीही काढावीत असा नव्हे. आवृत्ती कोणती याचा उल्लेख नाही, प्रस्तावना गळालेली, मधली दोन पाने नाहीत, अशी पुस्तके आम्ही पाहिली आहेत. जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर युनिकोडात आणताना जोडाक्षरांची जी दैना होते, ती तर विचारूच नये. हयात लेखकांची पुस्तके त्यांच्या अनुमतीवाचून मोबाइलवर फिरतात, तिला आम्ही प्रकाशन म्हणत नाही. ती चोरी होय, आणि ती शिक्षकांच्या गटांतूनही फिरते हे लिहिताना संकोच वाटतो.

या गोंधळात मराठी विकिस्रोताची रीत आम्हांस आदर्श वाटते. मूळ छापील पानाचे चित्र एका बाजूस, अक्षरांत उतरविलेला मजकूर दुसऱ्या बाजूस. वाचकाने स्वतः ताडून पाहावे. यंत्र वाचते ते डोळ्याने, अर्थाने नव्हे. गेल्या सुटीत आमच्या नववीच्या मुलांना अशी काही पाने तपासावयास दिली. पहिल्याच पानावर ‘घर’चे ‘धर’ झालेले एका मुलीने दाखविले. तिसऱ्या पानापासून मुले आपापसांत पैजा लावू लागली.