चित्राचा काळ आणि चित्रपटाचा काळ

आंरी-जॉर्ज क्लुझोच्या ‘ल मिस्तेर पिकासो’ (१९५६) या चित्रपटाची ख्याती चित्रनिर्मितीचे साक्षात दर्शन घडविणारी कृती म्हणून आहे. ती अंशतःच सार्थ होय. नीस येथील स्टुडिओत कागदाच्या पुढे पिकासो व मागे कॅमेरा अशी योजना होती. शाई कागदातून झिरपे. हात न दिसता रेषा स्वयमेव उमटल्यासारखी भासे. येथे चित्राचा व चित्रपटाचा काळ जवळजवळ एकच असतो, आणि हा भाग निःसंशय अपूर्व आहे.

तैलचित्रापाशी ही युक्ती संपते. कॅनव्हास अपारदर्शक, तेव्हा चित्रकाराने थोडे रंगवावे, बाजूस व्हावे, मग कॅमेरा चालावा, असा क्रम पत्करावा लागला. प्रेक्षकास दहा मिनिटांचे वाटणारे चित्र वस्तुतः पाच तासांचे आहे, हे चित्रपटातच उघड होते. (ही कबुली प्रामाणिक खरी, पण तिने उणीव भरून निघत नाही.) फेरफार दिसतात, त्यांपूर्वीची घालमेल दिसत नाही. रहस्य असलेच, तर ते या गाळलेल्या वेळात होते.

अपवाद समुद्रकिनाऱ्याच्या चित्राचा. ते बिघडत चालल्याचे पिकासो स्वतःच सांगतो आणि नवा कॅनव्हास घेऊन पुन्हा आरंभ करतो.