कालव्याकाठची नगररचना : बारामती–इंदापूर परिसरातील वास्तू आणि नियोजन-संशोधनाची स्थिती

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा, तोही बेभरवशाचा पाऊस हे येथील मूळ वास्तव असताना ऊस, साखर कारखाने, औद्योगिक वसाहत आणि पसरत जाणारी नगरे येथे उभी राहिली, याचे मुख्य कारण पश्चिमेकडील धरणांतून नीरा डाव्या कालव्याने आणलेले पाणी हे आहे. पुढील पिढ्यांच्या वाट्याची जमीन, पाणी आणि ऊर्जा न संपवता वस्तीची वाढ आखण्याच्या विचाराला आज शाश्वत नगरनियोजन म्हटले जाते. या दृष्टीने येथील अभ्यासाकडे पाहिले असता एक विसंगती ठळकपणे जाणवते. या भूभागाच्या पाण्याचा, मातीचा आणि अर्थकारणाचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षे झालेला आहे, परंतु तो शेतीशास्त्रज्ञ, पाटबंधारे अभियंते आणि समाजशास्त्रज्ञ यांनी केलेला आहे. वास्तुरचना आणि नगररचना या शाखांनी त्याचा आधार फारसा घेतलेला नाही, आणि त्यामुळे त्यांचे संशोधन इमारतीच्या भिंतींपाशी किंवा नगरपरिषदेच्या हद्दीपाशी येऊन थांबते.

पाण्याच्या अभ्यासाची परंपरा येथे कालव्याइतकीच जुनी आहे. भाटघरच्या धरणावर आधारलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून त्याचे पाणी फिरू लागले. दुष्काळनिवारणासाठी काढलेल्या या कालव्याचे पाणी पावसाच्या वर्षात पडून राही आणि अवर्षणात अपुरे पडे. यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आखली. शेतजमिनीचे सलग गट पाडून, त्यांतील सुमारे एक तृतीयांश क्षेत्रावर ऊस आणि उरलेल्या क्षेत्रावर हंगामी पिके अशी अट घालून, काही वर्षांसाठी पाण्याची हमी देण्याची ही पद्धत होती. कोणत्या जमिनीवर काय करावे हे सार्वजनिक हिताच्या नावाने ठरवणे हाच भूवापर-नियोजनाचा गाभा मानला, तर मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा येण्यापूर्वीच नीरेच्या खोऱ्यात नियोजनाचा एक प्रयोग होऊन गेला होता, असे म्हणावे लागते.

या प्रयोगाचे दुष्परिणामही लवकरच नोंदवले गेले. शेतीशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. खोल काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाटाचे पाणी सतत मिळाल्यास भूजलाची पातळी वर येते, केशाकर्षणाने ते पृष्ठभागापर्यंत चढते, त्याची वाफ होते आणि मागे क्षार उरतात, ही ती प्रक्रिया होय. पिकांच्या दृष्टीने तिचा विचार पुढेही होत राहिला, परंतु घरांच्या दृष्टीने तो क्वचितच झाला. ज्या प्रक्रियेने शेत खारवते तिनेच जोत्यातून ओल वर चढते आणि भिंतींना लोणा लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायाच्या घरांना तडे जातात. मुरमाची भर, पायाची खोली, ओलरोधक थर आणि परिसराचा निचरा यांचा एकत्रित स्थानिक अभ्यास ही येथील वास्तुसंशोधनाची पहिली गरज ठरायला हवी होती.

अर्थकारणाच्या अंगाने झालेले लेखनही तितकेच महत्त्वाचे आहे. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवुड यांनी बारामतीजवळील माळेगाव परिसरातील क्षेत्रीय कामाच्या आधारे लिहिलेला ‘रेझिंग केन’ हा ग्रंथ १९९२ मध्ये आला. सहकारी साखर कारखानदारीत लहान-मोठे बागायतदार एकत्र कसे आले याचे विवेचन त्यात आहे. साई बालकृष्णन यांच्या ‘शेअरहोल्डर सिटीज’ (२०१९) या ग्रंथाने हा धागा नगरनियोजनापर्यंत आणला. शेतजमिनीचे शहरी जमिनीत रूपांतर होताना पाटबंधारे, जात आणि साखर सहकार यांनी घडवलेला जुना भूगोल नव्या महामार्गांच्या पट्ट्यांतही कसा टिकून राहतो, हे पुणे जिल्ह्यातील मगरपट्टा, लवासा आणि खेड येथील उदाहरणांतून त्यांनी दाखवले आहे. बारामती हे त्या ग्रंथाचे मुख्य उदाहरण नसले, तरी त्यातील विश्लेषण या तालुक्यांना लागू करून पाहण्याजोगे आहे, कारण येथेही बागायती जमीन अकृषिक होते तेव्हा तिच्याबरोबर पाण्यावरील जुना हक्क, विहीर आणि शेजाऱ्यांशी असलेला बांधाचा संबंधही बदलतो.

याउलट वास्तुरचनेच्या अंगाने झालेला अभ्यास प्रामुख्याने दस्तऐवजीकरणाच्या स्वरूपाचा असतो. बारामतीत कऱ्हा नदीच्या काठावरील बाबूजी नाईकांचा गढीवजा वाडा, जेथे कवी मोरोपंतांना आश्रय मिळाला; इंदापुरातील मालोजीराजे भोसले यांची गढी; नीरा आणि भीमा यांच्या संगमावरील नीरा नरसिंहपूरचे मंदिर आणि घाट, अशा वास्तूंची मोजमापे घेऊन नकाशे काढणे हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा मोलाचा भाग आहे. सामान्यांच्या घरांचाही असाच अभ्यास होऊ शकतो. दख्खनच्या पठारावरील माळवदाचे घर, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेल्या सपाट धाब्याचे घर, हे कोरड्या हवेला दिलेले विचारपूर्वक उत्तर आहे: जाड भिंत आणि जड छप्पर दिवसाची उष्णता शोषून ती आत पोहोचण्यास अनेक तास लावतात, तोवर बाहेरची हवा निवलेली असते. परंतु अशा अभ्यासांत शैली आणि अलंकरण यांच्या वर्णनाला जितकी जागा मिळते, तितकी तापमानाच्या मोजणीला मिळत नाही. एकाच गावातील माळवद, पत्र्याचे घर आणि सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब यांच्या आतील तापमानाच्या उन्हाळाभर ठेवलेल्या नोंदी वारशाबद्दलच्या कोणत्याही गौरवपर परिच्छेदापेक्षा अधिक उपयोगी ठरतील. माळवदाला दरवर्षी डागडुजी लागते, त्यासाठी लागणारे लाकूड आणि मनुष्यबळ आता परवडत नाही, ही अडचण मान्य करूनच त्यातील तत्त्व नव्या साहित्यात आणता येईल.

नियोजित वसाहतीचा एक नमुनाही इंदापूर तालुक्यात आहे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने कळंब येथील माळरानावर विकसित केलेले वालचंदनगर हे १९३० च्या दशकापासून साखर कारखान्याभोवती वाढले. कामाची जागा, निवास, शाळा आणि शेती एकाच व्यवस्थापनाखाली आणणाऱ्या अशा कारखाना-नगराचा अभ्यास उद्योगेतिहासाच्या कक्षेत होतो, पण वस्तीचा आकार पाण्याच्या आणि रोजगाराच्या मर्यादेत ठेवण्याचा प्रयोग म्हणून त्याचे मूल्यमापन होणे अगत्याचे आहे. मालकाच्या हाती सर्व सत्ता एकवटल्याने त्या शिस्तीला जी किंमत द्यावी लागते, तिचाही हिशेब त्यात यायला हवा.

नियोजनाच्या शासकीय चौकटीकडे वळल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नगरपरिषद आपल्या हद्दीपुरता विकास आराखडा तयार करते, म्हणजे रस्ते, आरक्षणे आणि भूवापराचे विभाग नकाशावर निश्चित करते. बारामती शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५४ हजार होती. त्यानंतर जळोची, रुई आणि तांदूळवाडी हा परिसर हद्दीत आला. म्हणजे वाढ आधी झाली आणि हद्द तिच्या मागून गेली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात हे दोन्ही तालुके नाहीत, आणि २०२० पासून मुंबईसारखे मोजके अपवाद वगळता राज्यभर एकच एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. एकसमान नियमांमुळे परवानगीची प्रक्रिया सोपी झाली, हा लाभ खरा आहे. तथापि कोकणातील अतिवृष्टीचे गाव आणि पर्जन्यछायेतील इंदापूर यांना सामासिक अंतर, आच्छादित क्षेत्र आणि जमिनीत पाणी मुरवण्याचे निकष जवळजवळ सारखेच लावले जातात, तेव्हा हवामानानुकूल रचनेची जबाबदारी नियमावलीकडून सुटते आणि एकट्या वास्तुविशारदाच्या सदिच्छेवर येऊन पडते.

या उणिवेचे प्रत्यक्ष रूप पाण्याच्या काठावर दिसते. बारामती शहरातून जाणारा कालवा आणि कऱ्हा नदी यांच्या काठांवर गेल्या काही वर्षांत मोठी सुशोभीकरणाची कामे झाली. नागरिकांना चालण्यासाठी आणि विसाव्यासाठी सार्वजनिक जागा मिळणे हे स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो सुशोभीकरणालाच शाश्वततेचा पुरावा मानण्याचा. काठ देखणा झाल्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही, हे अस्तरीकरणाच्या वादात दिसते. कालव्याचे अस्तरीकरण, म्हणजे तळ व बाजू काँक्रीटने बांधून काढणे, याने गळती घटते आणि शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचते, असे अभियांत्रिकीचे म्हणणे आहे. तर त्याच पाझरावर काठच्या विहिरी जगतात म्हणून शेतकऱ्यांचा त्याला विरोध होत आला आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असल्याने भूजलाच्या मोजमापाशिवाय हा वाद सुटणारा नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्याने कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत हजारो लोकांना हलवावे लागले. मे २०२५ मध्ये अवेळी झालेल्या अतिवृष्टीत पिंपळी–लिमटेक परिसरात नीरा डावा कालवा फुटून पाणी शेतांत आणि वस्तीत शिरले. या दोन्ही घटनांचे मूळ शहराच्या हद्दीबाहेर होते. पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूभागावरचे पाणी एका प्रवाहात येऊन मिळते तो सर्व भूभाग, हे नियोजनाचे एकक न धरल्याचा परिणाम तुटवड्याप्रमाणे अतिरेकातही भोगावा लागतो.

इंदापूरच्या बाबतीत हद्दीबाहेरच्या पाण्यावरचे हे अवलंबित्व आणखी दूरवर जाते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याखाली तालुक्यातील नदीकाठची गावे गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरलेल्या वर्षी पुन्हा उघडे पडते. विस्थापितांसाठी वसवलेली नवी गावठाणे सरळ रस्त्यांची आणि समान भूखंडांची होती. नदी, घाट, बाजार आणि भावकी यांनी घडवलेली जुनी वस्ती अशा आखीव चौकटीत आल्यावर अंगण, जनावरांचा गोठा आणि एकत्र बसण्याच्या जागा यांचे काय झाले, हा पुनर्वसन-संशोधनातील कळीचा प्रश्न आहे, आणि चार दशकांच्या वापरानंतर त्याचे उत्तर शोधण्याइतका पुरावा जागेवर उपलब्ध आहे. दुसरीकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मार्गाने उजनीत येते. म्हणून पुण्यातील इमारतीला परवानगी देताना मैलाशुद्धीकरणाचा जो निकष लावला जातो तो इंदापूरच्या पाण्याचाही निकष असतो, मात्र तो ठरवताना इंदापूरला विचारण्याची कोणतीही व्यवस्था नाही.

संशोधनाने जवळजवळ दुर्लक्षिलेला आणखी एक विषय म्हणजे हंगामी लोकसंख्या. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर येथे मुक्काम करते, आणि लाखोंच्या समुदायासाठी पाणी, शौचालये, सावली व रस्ते यांची व्यवस्था एका रात्रीपुरती उभी करावी लागते. पालखी महामार्गाच्या रुंदीकरणाने वाहतूक सुकर केली, परंतु पायी चालणाऱ्याला जुन्या झाडांची सावली हाही मार्गाचाच भाग असतो. साखर हंगामात मराठवाड्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारे ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये, म्हणजे पाचट, बांबू आणि प्लास्टिकच्या झोपड्यांमध्ये, कित्येक महिने राहतात. जनगणनेच्या स्थिर आकड्यांवर बेतलेल्या आराखड्यात या दोन्ही समूहांना स्थान नाही. खोलता-जोडता येणारा निवारा, वर्षातील उरलेल्या काळात शाळेला किंवा बाजाराला उपयोगी पडणारी मोकळी जागा आणि हलती स्वच्छतागृहे हे रचनाशास्त्राचे खरे आव्हानात्मक प्रश्न आहेत.

या सर्वांना जोडणारी पद्धत नव्याने शोधावी लागणार नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडीस यांनी आराखड्यापूर्वी सर्वेक्षण हे तत्त्व मांडले आणि डोंगरापासून समुद्रापर्यंतचा खोऱ्याचा छेद हे प्रादेशिक अभ्यासाचे साधन म्हणून दिले. भाटघर आणि वीर धरणांपासून कालव्याच्या शेवटच्या चारीपर्यंत, तसेच नाझऱ्यापासून कऱ्हा–नीरा संगमापर्यंत असा छेद घेतल्यास पायाची माती, विहिरीची पातळी, घराचे छप्पर, पूररेषा आणि कोप्यांचा तळ हे एकाच आलेखावर मांडता येतात.

त्यासाठी लागणारे ज्ञान या परिसरातच आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या संकुलात अभियांत्रिकीबरोबर वास्तुकलेचे शिक्षण दिले जाते. माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता आणि क्षारता यांचा पिकांवरील परिणाम अभ्यासते. पिकाला बसणारा उष्णतेचा ताण मोजणाऱ्या शास्त्रज्ञाने आणि घराचा आराखडा काढणाऱ्या विद्यार्थ्याने एकाच हवामान-नोंदींवर काम करण्यात प्रशासकीय अडथळ्यांखेरीज कोणतीही अडचण नाही. येथील नियोजन-संशोधनाचा दर्जा यापुढे हरित प्रमाणपत्रांच्या किंवा प्रबंधांच्या संख्येवरून ठरवणे पुरेसे नाही. नव्या प्रत्येक वसाहतीचे पाणी कोणाच्या वाट्यातून आले, तिचे सांडपाणी कोणाच्या शेतात किंवा धरणात गेले आणि अतिवृष्टीत तिने कोणता ओढा अडवला, या तीन प्रश्नांची आकडेवारीसह उत्तरे आराखडा मंजूर होण्याआधी नगरपरिषदेच्या आणि ग्रामसभेच्या हाती देता येतात की नाही, यावरून तो ठरला पाहिजे.