नाव ठेवणे आणि नावे ठेवणे
(बालसाहित्यातील ‘वेगळ्या’ नावांचा शोध)

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. दोन्ही क्रियांमध्ये अंतर आहे ते फक्त एका मात्रेचे. ज्याचे नाव चारचौघांसारखे नसते त्या मुलाला हे अंतर शाळेच्या पहिल्याच आठवड्यात कळते. घरी आत्याने कानात सांगितलेले नाव हजेरीच्या वेळी वर्गात मोठ्याने उच्चारले जाते, मागच्या बाकावरून हसू येते, आणि ‘नाव ठेवले’चे ‘नावे ठेवली’ होते. या मुलाला आपल्या नावाचा अभिमान वाटावा म्हणून बालसाहित्य काय करते, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी मी अमेरिकेत प्रसिद्ध झालेली पाच चित्रपुस्तके निवडली आहेत. तिथे या विषयावरच्या पुस्तकांची सलग परंपरा दिसते आणि तिच्यातले बदल क्रमाने तपासता येतात. मात्र ही पुस्तके मी वाचतो ती मराठी नावांचा इतिहास सोबत घेऊन. त्या इतिहासापुढे ती कुठवर टिकतात, हे मला पाहायचे आहे.

पहिले पुस्तक केविन हेंक्स यांचे ‘क्रिसँथमम’ (१९९१). त्याची नायिका एक छोटी उंदरीण आहे. शाळेत जाईपर्यंत तिला आपले नाव जगातले सर्वांत सुंदर नाव वाटत असते. शाळेत मुली हसतात. नाव फार लांब आहे, ते फुलाचे आहे, नावाच्या पट्टीवर ते जेमतेम मावते. आईवडील रोज संध्याकाळी तिची समजूत घालतात, कुशीत घेतात, आवडीचे खायला देतात. दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा तेच. अखेर सर्वांच्या लाडक्या संगीतशिक्षिका सांगतात की त्यांचेही नाव एका फुलाचेच आहे, आणि होणाऱ्या बाळासाठी ‘क्रिसँथमम’ हे नाव त्यांच्या मनात आहे. त्याबरोबर कालपर्यंत चिडवणाऱ्या मुली स्वतःला फुलांची नावे घेऊ लागतात.

शाळा नावाच्या संस्थेचे हे निरीक्षण अचूक आहे. घरचे कौतुक शाळेच्या फाटकाशी संपते आणि वर्गात चलन चालते ते वर्गाचेच, हे हेंक्स यांना नेमके कळले आहे. पण इथे मिळालेला अभिमान उसना आहे. बाईंनी बाळासाठी दुसरे नाव मनात धरले असते तर? मुलींच्या वागण्याचा निकाल न लागता फक्त वारा फिरतो. उद्या तो पुन्हा फिरू शकतो.

मराठी वाचकाला या पुस्तकात आणखी एक गोष्ट दिसते. क्रिसँथमम म्हणजे शेवंती. शेवंता, शेवंताबाई हे नाव आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या इतके रुळलेले होते की त्यावर कुणी मान वर करून पाहिले नसते. तेच नाव आज शहरातल्या शाळेत पहिलीतल्या मुलीचे असेल तर वर्गात खसखस पिकेल. म्हणजे ‘विचित्रपणा’ नावात नसतो, तो नाव आणि वर्ग यांच्या नात्यात असतो. नात्यातला दोष एकट्या मुलाला धीर देऊन दुरुस्त होत नाही. हा निकष हाती घेऊन पुढची पुस्तके वाचू.

यांगसूक चोई यांच्या ‘द नेम जार’मध्ये (२००१) उन्हे ही मुलगी कोरियातून अमेरिकेत येते. बसमध्ये मुले तिच्या नावाची मोडतोड करतात. ती वर्गाला सांगते की मी अजून नाव निवडलेले नाही. मग मुले एका बरणीत नावांच्या चिठ्ठ्या टाकू लागतात. आजीने तिला तिच्या नावाचा कोरियन अक्षरांतला शिक्का दिलेला असतो. तो पाहून तिचे नाव जाणून घेणारा एक मुलगा तिचा मित्र होतो. शेवटी ती आपलेच नाव निवडते आणि वर्ग ते नीट उच्चारायला शिकतो. इथे कष्टाची दिशा बदलली आहे. ‘क्रिसँथमम’मध्ये वर्गाचे मत बदलले, इथे वर्गाची जीभ वळते. ही फार मोठी प्रगती आहे. ‘अवघड’ नाव म्हणजे बहुधा ऐकणाऱ्याने कधी सराव न केलेले नाव, इतकेच. शिवाय उन्हेला खरोखर पर्याय आहेत. बरणी भरलेली असताना तिने आपले नाव उचलणे याला अर्थ आहे.

हेलन रेकॉर्विट्स यांच्या ‘माय नेम इज यून’ची (२००३) नायिकाही कोरियन आहे. तिच्या नावाचा अर्थ तेजस्वी शहाणपण. पण इंग्रजीत लिहिले की अक्षरे तिला सुटी सुटी, एकटी उभी असलेली वाटतात. म्हणून ती कागदावर स्वतःच्या नावाऐवजी मांजर, पक्षी असे दुसरेच शब्द लिहीत राहते. परक्या लिपीत आपले नाव परके दिसते, हा अनुभव इतक्या साध्या रीतीने क्वचितच मांडला गेला असेल. जमिला टॉम्पकिन्स-बिगेलो यांच्या ‘युअर नेम इज अ साँग’मध्ये (२०२०) आई घरी परतताना मुलीला सांगते की नावे म्हणजे गाणी. दुसऱ्या दिवशी मुलगी आपले नाव गाऊनच शिकवते. ज्या आफ्रिकी-अमेरिकी पूर्वजांची नावे हिरावून घेतली गेली, त्यांच्या वंशजांनी नवी नावे घडवली, याचीही जाण या पुस्तकात आहे. घडवलेले नाव खोटे नसते, हे मुलांना सांगणारे पुस्तक मला मोलाचे वाटते.

या पाचांत सर्वांत समर्थ पुस्तक मात्र ह्वाना मार्टिनेझ-नील यांचे ‘अल्मा अँड हाउ शी गॉट हर नेम’ (२०१८). अल्मा सोफिया एस्पेरांझा होसे पुरा कांदेला या मुलीची तक्रार अशी की आपले नाव कागदावर मावत नाही. वडील एकेका नावामागचे माणूस तिच्यापुढे उभे करतात: पुस्तकांवर प्रेम करणारी आजी, प्रवासाची स्वप्ने पाहणारी पणजी, चित्रकार आजोबा. प्रत्येकात तिला स्वतःचा थोडा अंश सापडतो. शेवटी उरते ‘अल्मा’. ते कुणाचेही नाही, तिच्यासाठीच निवडलेले आहे. इथे शब्दकोशातला अर्थ दुय्यम ठरतो. अभिमान येतो तो हकिगतीतून, आणि ही हकिगत कुठल्याही शिक्षिकेच्या मर्जीवर अवलंबून नाही.

इथवर सारे ठीक आहे. पण पाचही पुस्तकांच्या तळाशी एक गृहीत आहे: नाव प्रेमाने ठेवलेले असते. मुलाला त्या प्रेमाची फक्त ओळख पटवून द्यायची असते. मराठी नावांचा इतिहास या गृहीताला इतक्या सहज मान तुकवू देत नाही.

आपल्याकडे धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावे शतकानुशतके ठेवली गेली. आधीची मुले दगावली की पुढच्याला मुद्दाम हलके नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची किंवा दृष्टीची नजर त्याच्यावर पडणार नाही, अशी समजूत होती. ही नावे सर्व जातींत सापडतात. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो होते आणि १९५८ साली भारतरत्न स्वीकारताना ते बदलण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. अशा नावांत प्रेम आहे, पण ते वेषांतर करून आलेले आहे. आज एखाद्या मुलाला पणजोबांवरून असे नाव मिळाले असेल, तर ‘दगड म्हणजे मजबूत’ अशी ओढूनताणून केलेली व्युत्पत्ती त्याच्या उपयोगाची नाही. घरात मुले वाचत नव्हती आणि एका आईने भीतीपोटी आपल्या बाळाला दगडाआड लपवले, ही खरी हकिगत त्याला सांगितली पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला ती पेलते.

पण तेच नाव दुसऱ्या घरात दुसरी हकिगत घेऊन येते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे. म्हणजे हलके नाव हे काहींच्या बाबतीत कवच होते आणि काहींच्या बाबतीत शिक्का. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू आपली कहाणी सांगतो आणि सुशिक्षित, पांढरपेशा झालेला दया पवार ती ऐकतो. एकाच माणसाच्या दोन नावांमधला हा संवाद मराठी साहित्याने नावाविषयी मांडलेला सर्वांत खोल विचार आहे, असे माझे मत आहे. तिथे नाव टाकून देण्यात सुटका आहे, आणि टाकलेल्या नावाला पुन्हा बोलते करण्यात धैर्य. ‘आपल्या नावाचा अभिमान बाळग’ हे सोपे वाक्य त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच अपुरे पडते.

आणि मग नकुशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकुशी, नकुसा ठेवण्याची रीत महाराष्ट्राच्या काही भागांत होती. मुलगी नको, पुढचा मुलगाच होऊ दे, हा त्याचा अर्थ. ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ८९४ होती. ते नाव एकट्या घरातून आलेले नव्हते, हे या आकड्यावरून कळते.

अल्माच्या वडिलांची पद्धत इथे वापरून पाहा. ‘तुझे नाव कुठून आले ते सांगतो’ असे म्हणून बाप नकुशीला काय सांगणार? या नावाची खरी हकिगत हीच त्या मुलीची जखम आहे. इथे नाव राखून अभिमान शिकवणे क्रूर ठरेल. या पुस्तकांची परंपरा जिथे थांबते ती हीच जागा: त्यांतल्या नायिका अखेर आपले नाव राखतात किंवा परत मिळवतात, आणि तेच शहाणपण मानले जाते. नाव टाकणेही स्वाभिमानाचे असू शकते, याला त्या चौकटीत जागा नाही.

याचा अर्थ नाव बदलले की प्रश्न सुटला, असा नव्हे. आपल्याकडे मुलीचे नाव बदलणे ही मुळीच नवी गोष्ट नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जात होते, अनेक घरांत अजून लिहिले जाते, आणि वीस-पंचवीस वर्षे वापरलेले नाव एका दुपारी पुसले जाते. वरवर पाहता सातारचे नामांतर आणि हे नामांतर सारखेच. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: नाव कुणी निवडले? उन्हेच्या बरणीचे महत्त्व मला इथे पुन्हा जाणवते. ऐश्वर्या हे नाव आपल्या अभिरुचीला सिनेमातले वाटेल, पण शाळकरी मुलीने स्वतःसाठी मागून घेतलेले नाव तपासण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाहुण्याच्या हातून वाटलेले नाव कितीही शुभ असले तरी ते तिच्यावर दुसऱ्यांदा ठेवलेलेच असते.

यातून बालसाहित्यासाठी आणि वर्गासाठी तीन कसोट्या निघतात. पहिली, हकिगत खरी असावी. आज अनेक पालक दुर्मीळ नाव शोधतात आणि त्याला संस्कृतातला एखादा भव्य अर्थ चिकटवतात. मूल मोठे होऊन शब्दकोश उघडते तेव्हा तो अर्थ तिथे नसतो. त्यापेक्षा ‘आम्हाला त्याचा नाद आवडला’ हे खरे कारण सांगावे; नादही कारण असू शकतो. दुसरी, कष्ट वर्गाने करावेत. आदिवासी भागांत जन्मवारावरून सोम्या, बुध्या, शुक्र्या अशी नावे ठेवली जातात. अशा मुलाचे नाव दाखल्यावर परस्पर ‘सुधारून’ सोमनाथ करणे ही मदत नव्हे, ती नावे ठेवण्याचीच सभ्य तऱ्हा आहे. तिसरी, शेवटचा शब्द मुलाचा असावा, मग तो राखण्याचा असो वा टाकण्याचा.

मला हवे असलेले मराठी चित्रपुस्तक साधे आहे. त्यात एकाच वर्गात एक धोंडू असेल, एक शेवंता, एक बुध्या, एक कियान आणि एक मुलगी, जी आपले नाव सांगत नाही. बाई हजेरी घेण्याआधी प्रत्येकाला विचारतील, तुला काय म्हणून हाक मारू? चार मुले आपापली नावे सांगतील आणि बाई ती जमेपर्यंत म्हणून पाहतील. पाचवी गप्प राहील. बाई तिच्या नावापुढची जागा रिकामी ठेवतील, पेन्सिल तिच्या बाकावर ठेवतील आणि पुढच्या पानाकडे वळतील. ती जागा भरण्याची घाई लेखकाने करू नये.